जागेला जागा

त्या वर्षी उन्हाळा असा तापला की शेडचा पत्रा दुपारी आपोआप वाजायचा. टण. टण. वर चढून कुणी दगड मारतंय असं वाटावं. आत कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून उभ्या असायच्या. एखादी मान टाकायची, दुसरी तिच्यावरच पाय देऊन पाण्याकडं सरकायची. बाजूच्या जाळ्यांना ओली गोणपाटं टांगली होती. त्यांनी गारवा किती यायचा ते देव जाणे, पण वारा मात्र पुरता अडायचा.

त्या अडलेल्या हवेत मधली तूस उलथत होती.

भाताचं तूस, जमिनीवर वीतभर जाड पसरलेलं. कोंबड्यांची सगळी घाण त्यातच मुरायची. रोज उलथलं नाही तर वर खपली धरायची. दाताळं त्या खपलीत रुतवायचं, पाय देऊन दाबायचं, मागं ओढायचं. खपली फुटली की आतून वाफ उठायची. ती डोळ्यांत गेली की त्यापुढं कांदा बरा. नाकात गेली की नाक आपलं का उसनं आणलेलं ते कळायचं नाही. आणि छातीत गेली की तिथं मुक्कामालाच राहायची.

तिला सगळे मधली म्हणत. घरात तीन सुना, त्यातली ही मधली. धाकटी कधीच नवऱ्याला घेऊन दुसरीकडं निघून गेली, तरी हिचं मधलेपण काही सुटलं नाही.

मधलीनं तोंडाला बांधलेलं फडकं खाली ओढलं, जाळीजवळ जाऊन गोणपाटाच्या फटीला तोंड लावलं. खोकला आला. आधी कोरडा, मग खालून खरवडत. ती गुडघ्यावर हात टेकून वाकली. थुंकी तुसाच्याच रंगाची पडली. फटीतून बाहेरचं थोडं दिसत होतं: झाडाची सावली, सावलीत खुर्ची, खुर्चीत मुकादम. मुकादम म्हणजे तिचा नवरा.

त्याच्यासमोर पोतेवाला उभा होता. खाद्याची पोती वाहून त्याच्या मानेवर घट्टा पडला होता, नि घामानं तो घट्टाही चकाकत होता.

"मुकादम, भरदुपारी गाडी उतरवायला लावू नका. पत्र्याखाली चक्कर येते हो."

"चक्कर?" मुकादम खुर्चीतून हलला नाही. "माझी बायको शेडात आहे. दुपारीच आहे. तुसात आहे. ती करते की नाही? मग तुझ्या अंगाला काय सोनं लागलंय?"

पोतेवाल्यानं शेडाकडं पाहिलं. फटीतल्या मधलीचे डोळे त्याला दिसले असतील नसतील, पण तो मान खाली घालून गाडीकडं वळला.

हे असंच चालायचं. मुकादमाचा आसूड म्हणजे मधली. पाणी भरणाऱ्यानं कुरकुर केली, माझी बायको करते की. मेलेल्या कोंबड्या पुरायला कुणी नाक मुरडलं, माझी बायको करते की. मुकादमानं स्वतःची बायको सगळ्यांत घाण कामाला जुंपली, म्हटल्यावर कोण तोंड वर करणार? लोक म्हणायचे, माणूस कडक आहे, पण आपपरभाव नाही. मधलीला हे ऐकू यायचं. तिला कधीकधी त्याचा अभिमानही वाटायचा. माणसाचं काय, छातीवर धोंडा ठेवला तरी त्याला दागिना म्हणायची सवय लागते.

आणि काम बदलून मागायची सोय नव्हतीच. तिथं एक रीत होती: जागेला जागा. ज्याला आपलं काम सोडून दुसरं हवं, त्यानं आपल्या जागी आपल्याच घरातलं माणूस आणून उभं करायचं. पोतेवाला आधी खड्ड्यावर होता, मेलेल्या कोंबड्या पुरायचा. त्याला पोती मिळाली तेव्हा खड्ड्यावर त्याचा भाऊ आला. मुकादमाचा थोरला भाऊ पिल्लांच्या खोलीत होता. तो वारला, त्याच्या जागी त्याची बायको आली, म्हणजे मधलीची थोरली जाऊ. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच नव्हती. भुकेला आणि रीतीला कागद लागत नाही.

मधलीच्या घरात द्यायला उरलं होतं कोण? सासूचे गुडघे गेलेले. उरली एक पोरगी. यंदाच तिची गावातली शाळा संपत होती. पुढची शाळा लांब होती, तिथं ती जाणार म्हणून मधलीनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण उन्हाळा लागल्यापासून मधलीचा खोकला घरभर ऐकू यायला लागला, तशी सासू एकदा चुलीपाशी सहज म्हणाली, "मधलीला झेपत नसेल तर पोरगी आहे की. हाडापेरानं कशी धट्टीकट्टी आहे."

मुकादम म्हणाला, "बघू."

नाही म्हणाला नाही. बघू म्हणाला. तेव्हापासून मधली खोकला गिळायला शिकली होती.

*

त्याच उन्हाळ्यात म्हातारा मालक अंथरुणाला टेकला आणि त्याची लेक कारभार बघायला आली. बाहेर कुठं कुठं नोकऱ्या करून आलेली, डोक्याला रुमाल बांधून उन्हात हिंडणारी. लोक तिला बाईसाहेब म्हणायला लागले. ती चार दिवस काही बोललीच नाही, नुसती बघत फिरली. पाचव्या दिवशी झाडाखाली येऊन म्हणाली,

"उद्या संध्याकाळी सगळ्यांनी खाद्याच्या गोदामात या. प्रत्येकानं मला सांगायचं, आपलं काम कसं असायला हवं. काय बदलायचं, काय सोडायचं, काय नवं घ्यायचं. काम तुम्ही करता, तर ते कसं करायचं हे ठरवताना तुम्हाला विचारायला नको का?"

आणि ती निघून गेली.

वीज पडली असती तरी माणसं इतकी गप्प झाली नसती. पाणी भरणाऱ्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड झोपेतही चालू असतं अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. तो रेडिओसुद्धा बंद पडला. मग पोतेवाला हळूच म्हणाला, "काढणार आपल्याला."

"कशावरून?"

"कशावरून काय! बकऱ्याला कुणी विचारतं का, तुला कसं कापू? विचारलं म्हणजे कापायचं ठरलंय."

"अरे, ती म्हणतेय काम बदलून देते."

"देईल! नि तुझ्या जागी कोण? जागेला जागा विसरलास? तुझी म्हातारी भरेल का पाणी?"

रेडिओ पुन्हा बंद पडला.

तेवढ्यात मुकादम खुर्चीतून उठला. तो उठला की बोलणं संपायचं. "ऐका. उद्या एकच वाक्य. आहे ते बरं आहे. बस्स. कुणी शहाणपणा करायचा नाही. बाई आज आहेत, उद्या नाहीत. मी रोज आहे."

"आणि दुसरं वाक्य तोंडात आलं तर?" रेडिओनं विचारलं.

"गिळायचं."

मधली घमेल्यात मेलेल्या कोंबड्या घेऊन खड्ड्याकडं चालली होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या मनात आलं, गिळण्यात तर माझा हात धरणारं इथं कुणी नाही.

त्या दिवशी घरी जाताना थोरली मुद्दाम तिच्याबरोबर चालली. थोरलीच्या अंगाला पिल्लांच्या खोलीचा उबदार, धान्यासारखा वास यायचा. बराच वेळ चपला फरफटवून ती म्हणाली, "मधले, एक विचारू? रागवू नकोस."

"विचारा की, ताई."

"तू उद्या माझी खोली तर नाही ना मागणार?"

मधली थांबलीच. "मी? तुमची?"

"तसं नव्हे गं. पण मुकादम तुझा नवरा. तू मागितलीस तर मिळेल. आणि मग मला तुसात यावं लागेल. मला झेपायचं नाही. खरं सांगते, तुझा खोकला ऐकला की मी पिल्लांच्या पेटीत डोकं घालून बसते. ऐकू येऊ नये म्हणून."

इतकी वर्षं तिला वाटायचं, आपण फटीतून खोकतो ते बाहेर कुणाला कळत नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मधली हत्यारांच्या कोपऱ्यात गेली. फावडी, घमेली, चुन्याचं पोतं, तिचं जुनं दाताळं. आणि त्याच्या शेजारी एक नवं दाताळं उभं होतं.

दात नवे, दांडा नवा. रंध्यानं तासून, तेल लावून गुळगुळीत केलेला. तिनं हातात घेतलं. दांडा तिच्या बरगडीपाशीच संपला. तिला वाटलं, सुताराचं माप चुकलं. मग वाटलं, कुणासाठी असेल? रेडिओ उंच, पोतेवाला उंच, थोरली तिच्याएवढी. तिथं कामाला असलेल्या कुणाच्याच हाताला तो दांडा बसला नसता.

ती दाताळं धरून उभी राहिली. बाहेर पत्र्यावर ऊन चढत होतं. तिनं आपला हात खाली नेत नेत एका उंचीवर थांबवला. रोज सकाळी वेणी घालताना हात थांबतो ती उंची.



मुकादम दारात आला. तिच्या हातात काय आहे ते त्यानं पाहिलं. काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. तो म्हणाला, "चल, खपली धरेल," आणि निघून गेला.

त्या दिवशी मधलीनं तूस कसं उलथलं ते तिला आठवत नाही. हात आपोआप चालले. फक्त दाताळं रुतवताना प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांपुढं दुसरेच हात यायचे. शाईचे डाग पडलेले, नखं कुरतडलेले.

*

संध्याकाळी गोदामात सगळे जमले. पोत्यांच्या थप्पीवर कुणी, जमिनीवर कुणी. बाईसाहेबांनी स्वतः किटली फिरवली. मालकीण आपल्या हातानं चहा ओततेय हे बघून पोतेवाल्यानं कप असा धरला की जणू त्यात विंचू आहे. एका कोपऱ्यात म्हातारा मालकही आरामखुर्चीत आणून बसवला होता. लेकीचा तमाशा बघायला आलो, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

"बोला," बाईसाहेब म्हणाल्या. "कुणीही सुरुवात करा."

पोतेवाला उठला. "आहे ते बरं आहे." बसला.

त्याचा भाऊ उठला. "आहे ते बरं आहे."

रेडिओ उठला. त्याचं तोंड दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. सगळ्यांनी श्वास धरला. "आहे ते," तो म्हणाला, मुकादमाकडं बघून, "लई म्हणजे लईच बरं आहे."

बाईसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. "अहो, खड्ड्यावर काम करणाऱ्यालाही बरंच आहे? कुणालाच काही नको?"

"समाधानी माणसं आहेत, बाईसाहेब," मुकादम म्हणाला.

थोरलीनंही तेच म्हटलं, पदराआड. मग मधलीची पाळी आली. मुकादमानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आपल्या काठीकडं कोण बघतं? ती हातातच असते.

मधली उठली. तोंड उघडलं नि आधी खोकलाच आला. ती खोकत राहिली, लोक खाली बघत राहिले. खोकला थांबल्यावर ती म्हणाली,

"आहे ते बरं नाही."

कुणाचा तरी कप खाली पडला.

"उन्हानं हिचं डोकं..." मुकादम अर्धवट उठला.

"बोलू द्या त्यांना," बाईसाहेब म्हणाल्या.

"तुम्ही विचारता काय हवं," मधली म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता, शेजारच्या घरातून आल्यासारखा. "आम्ही काही मागितलं की आमच्या घरातलं माणूस द्यावं लागतं. माझी जागा सोडली तर तिथं माझी पोरगी उभी राहणार. तिच्या मापाचं दाताळं करून ठेवलंय. तिकडं कोपऱ्यात आहे, जाऊन बघा. मग कोण मागेल? इथं सगळ्यांना बरं आहे ते म्हणून आहे."

बाईसाहेबांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी मुकादमाकडं पाहिलं, मुकादमानं पोत्याकडं. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, एकानंही मान वर केली नाही. शेवटी त्या आरामखुर्चीकडं वळल्या. "बाबा? हे काय आहे?"

म्हाताऱ्याला लाज नव्हती. खरं तर त्याला बरंच वाटलं, कुणीतरी अखेर त्याला विचारलं म्हणून.

"काय म्हणजे? मीच लावलेली रीत आहे. नाहीतर तुसात टिकलं कोण असतं? आज आला, उद्या पळाला. मला धंदा करायचा होता, धर्मशाळा नव्हती काढायची. आणि मी काही कुणाला साखळीनं बांधलं नाही. सोडायचं तर सोड, माणूस दे नि सोड. ह्या मुकादमालाच विचार! तुसात होता हा. पोरगेला. खोकून खोकून आलेला माझ्याकडं, मालक, मुकादमी द्या. म्हटलं, तुझ्या जागी माणूस दे. लगेच लग्न करून बायको आणली नि उभी केली तुसात! असा माणूस लागतो. शब्दाला जागणारा."

तो हसला. एकटाच.

मधली उभीच होती. तिला ऐकू आलं होतं, पण शब्द आत जाऊन बसायला वेळ लागत होता.

तिला वाटायचं तो पूर्वी खाद्याकडं होता. त्यानंच सांगितलं होतं. तिला वाटायचं, दारात उभं राहणाऱ्या माणसाला आतलं कळत नाही. त्याचा राग आला की ती स्वतःला समजवायची, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

आणि मग तिला तिचं घर आठवलं, ज्या दिवशी हे लोक तिला बघायला आले तो दिवस. होणाऱ्या सासऱ्यानं स्वयंपाक येतो का विचारलं नव्हतं. शिवण येतं का विचारलं नव्हतं. विचारलं होतं, "खोकला-बिकला नाही ना पोरीला?" तिचा बाप छाती फुगवून म्हणाला होता, "आजवर घरात औषधाची बाटली आली नाही!" आणि हा, हाच, मान वर करून तिच्या तोंडाकडं बघायच्या आधी तिच्या हातांकडं बघत होता. मनगटांकडं. तिनं ते आयुष्यभर जपून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. एकटी असली की काढून बघायची: त्याला माझे हात आवडले होते.

"खरं का हो?" तिनं विचारलं.

मुकादम आपल्या हातांकडं बघत राहिला.

"आजपासून ही रीत बंद," बाईसाहेब म्हणाल्या.

"कर बंद," म्हातारा म्हणाला. "आणि उद्या तुसात तू उतर."

बाईसाहेब मधलीकडं वळून हळू म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवं?"

मधलीजवळ 'नको' होतं. ढिगानं होतं. 'हवं' कुठं होतं? ते कधी कुणी मागितलंच नव्हतं तिच्याकडं. ती त्या रिकाम्या जागेत हात घालून चाचपडत राहिली. शेवटी म्हणाली, "तूस कुणाला तरी उलथावंच लागणार. मला माझ्या जागी कुणालाच द्यायचं नाही. पोरीलाही नाही, ताईंनाही नाही. वाटून घ्या. पाळीनं. सगळ्यांनी."

आणि आता वाचा फुटली! आहे ते बरं म्हणणाऱ्या सगळ्यांना एकदम फुटली.

"आम्ही कशाला?" पोतेवाला ओरडला. "मी पोती वाहू का तूस उलथू? वहिनी, तुमची भानगड तुमच्या घरात मिटवा की!"

"बरोबर आहे!" त्याचा भाऊ.

"दुपारी आत जायचं? मी तर मरेन," रेडिओ म्हणाला.

"मी मेले का?" मधली म्हणाली.

मग थोरली उठली. तिच्या ओच्यात एक आजारी पिल्लू होतं, एका हातानं तिनं ते सांभाळलं होतं. "सकाळची एक पाळी मी घेते," ती म्हणाली. "मला भीती वाटते. पण घेते. तेवढ्या वेळ पिल्लांपाशी कुणीतरी बसा म्हणजे झालं. मुकादम बसतील का? बसायची सवय आहे त्यांना."

एक क्षण सगळे दचकले. मग रेडिओ फिसकन हसला, नि ते हसू वणव्यासारखं पसरलं. हसणं ओसरल्यावर रेडिओच म्हणाला, "पण दुपारी का उलथायचं म्हणतो मी? पहाटे उलथलं तर काय बिघडतं?"

"पहाटे मालक उठत नव्हते बघायला, म्हणून दुपारी," पोतेवाला म्हणाला.

"आणि उलथताना गोणपाटं वर गुंडाळली तर?"

"एकट्यानं कशाला पण? दोघांनी केलं तर निम्म्या वेळात..."

"गोणपाटं मी गुंडाळतो. माझा वर हात पोचतो."

"आणि गाडी सकाळीच बोलवा. दुपारी नाही म्हणजे नाही."

बोलत राहिले. भांडत राहिले. बाहेरचं ऊन उतरलं तरी थांबेनात. बाईसाहेब पोत्यावर बसून ऐकत होत्या, मध्ये बोलत नव्हत्या. म्हातारा डोळे मिटून झोपल्याचं सोंग करत होता. सगळं ठरत आल्यावर बाईसाहेबांनी विचारलं, "मुकादम, तुमचं काय?"

मुकादम दचकला. "आहे ते बरं आहे," तो सवयीनं म्हणून गेला.

या वेळी कुणी हसलं नाही. मधली म्हणाली, "उद्याची पहिली पाळी यांची."

*

घरी सासूला बातमी आधीच लागली होती. ताटं उचलली गेल्यावर तिनं सुरू केलं, "नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली. बाई आहे का कोण! आमच्या वेळी..."

"आई, गप बस," मुकादम म्हणाला.

पोरगी बाहेर अंगणात भांडी घासत होती. मधलीनं आवाज खाली ठेवून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं. आत काय असतं ते. सगळं माहीत होतं."

"तेव्हा दुसरा रस्ता नव्हता."

"माझं जाऊ द्या. मी परकी होते, लोकांची पोर. ही तर तुमची ना? दांडा केवढा करायचा हे कसं कळलं?"

मुकादमानं भिंतीकडं तोंड वळवलं. म्हणाला, "झोपली होती तेव्हा मोजली."

"कशानं?"

"वितीनं."

मधलीनं त्याचा तो हात पाहिला. मांडीवर पालथा पडलेला, रुंद, नखांत चुना. ती उठली, बाहेर गेली आणि पोरीच्या हातातलं भांडं घेऊन स्वतः घासायला लागली. पोरगी म्हणाली, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काही नाही. तू अभ्यास कर." शाळा संपली होती. अभ्यास कसला? तरी पोरगी आत जाऊन पुस्तक उघडून बसली.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे रेडिओनं गोणपाटं वर गुंडाळली. शेडात वारा शिरला. मुकादमानं तोंडाला फडकं बांधलं, ते कसं बांधायचं हे त्याचे हात विसरले नव्हते. तो आत गेला. त्याच्याबरोबर पोतेवाला गेला, शिव्या देत. मधली बाहेर, झाडाखाली उभी राहिली. खुर्ची रिकामी होती, पण तिला बसवेना.

आतून दाताळ्याचा आवाज यायला लागला. मग खोकला. आधी पोतेवाल्याचा, मोठा, नाटकी. मग दुसरा. तो तिच्यासारखाच होता. कोरडा, मग खालून खरवडत. जुना खोकला होता तो, तिच्याहून जुना. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तो तिला कधी ऐकू आला नव्हता.

तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कीवही आली नाही. ती नुसती सकाळची हवा आत घेत उभी होती, आणि हवा इतकी खोल जाते याचंच तिला नवल वाटत होतं.

ऊन पडलं तशी पोरगी डबा घेऊन आली. वेणी अजून ओली. तिनं आईला झाडाखाली पाहिलं आणि थबकली. "तू बाहेर कशी? बाबा कुठंयत?"

"आत."

"आत? तुसात?" पोरगी शेडाकडं बघत राहिली. "म्हणजे काल लोक म्हणत होते ते खरं? आता पाळीनं?"

"हो."

"म्हणजे माझं रद्द?"

मधलीनं डबा खाली ठेवला. "तुझं काय?"

"माझं जायचं. आजी म्हणाली होती, शाळा संपली की तुझी आई घरी आणि तू तुसात. कोणाला बोलू नकोस म्हणाली." पोरगी पायाच्या बोटानं माती उकरत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शेजारणीनं वाटी परत मागितली, हे सांगावं तसं ती सांगत होती. "म्हणून मी सराव करत होते."

"कसला सराव?"

"दम धरायचा. तुला खोकला होतो कारण तू आत श्वास घेतेस. मी घेणारच नव्हते. शाळेच्या वाटेवर वळणापासून टाकीपर्यंत दम धरून चालायचं. आधी निम्म्यातच सुटायचा. आता टाकीच्याही पुढं जाते. खोटं वाटतं? थांब, दाखवते."

आणि तिनं छातीभर हवा ओढली, ओठ घट्ट मिटले, नाक चिमटीत धरलं.

"सोड," मधली म्हणाली.

पोरीनं मान हलवली. गाल फुगलेले, डोळे मोठे, कौतुकाची वाट बघणारे. कपाळावर लाली चढली. शेडात दाताळं रुतत होतं, निघत होतं.

"सोड गं. नाही लागणार आता. सोड."

गळ्याची शीर ताठ झाली. लाली काळसर व्हायला लागली. मधलीनं तिची दोन्ही मनगटं धरली, नाकावरची चिमटी ओढून काढली. तरी ओठ मिटलेलेच.

"सोड म्हणते ना! श्वास घे!"

पोरगी डोळ्यांनीच हसली आणि धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. थांब, अजून आहे.